पळून गेलेल्या माणसाला घर

मी, लग्नाचे झगे शिवणारी, वय एकोणसत्तर. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, उलट सगळ्यांचं दडपण झुगारून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

कलम एक. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या नवऱ्याला. हो, त्यांनाच. मला टाकून नऊ वर्षं दुसरीबरोबर राहिले आणि सहा वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन परत आले, त्यांनाच. हयातभर त्यांना तिथून कोणी हलवू नये. ते म्हणतात, "तुझ्यामागे मी आपला जाईन कुठेतरी. पोराला त्रास नको." पहिल्यांदा गेले तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता विचारलंच आहे, तर माझं उत्तर नाही असं आहे.

मी संत नाही. त्यांचे सगळे शर्ट फाडून मशीन पुसायची फडकी केली होती. परत आले तेव्हा दारातच चार शब्द सुनावले आणि मग जेवायला वाढलं.

कलम दोन. खालचं दुकान, दोन्ही मशिनं आणि कापायचं टेबल माझ्या एकुलत्या एक मुलाला. त्याची कात्री माझ्यापेक्षा सरळ चालते. बापाला तो 'तो माणूस' म्हणतो आणि जिन्यात समोर आले तर भिंतीकडे बघतो. बाळा, तू माझ्या बाजूने रागावलास, हे मी विसरलेले नाही. पण मी माझ्यापुरती क्षमा केली. तुझ्या वाटची मला लिहून देता येत नाही.

कलम तीन. समोरच्या बाईंना माझा मोजायचा टेप. "टाकलेल्या बाईच्या हातचा झगा आमच्या नवरीला नको," म्हणून त्यांनी अर्धा शिवलेला झगा परत नेला होता. लोकांची मापं काढायची त्यांची हौस तरी फिटेल.

कलम चार. पाळकसाहेबांना काही नाही. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी नवराबायको जोडीने उभे राहून लग्नातलं वचन पुन्हा म्हणतात. नऊ वर्षं मी एकटी उभी राहिले. साहेब हळूच म्हणाले, "बाई, बसा. तुमचे यजमान नाहीत." मी म्हटलं, "वचन देवासमोर दिलंय. देव आहे ना?"

नवरा ख्रिस्तासारखा आणि बायको मंडळीसारखी, म्हणजे चर्चसारखी, असा त्यांचा आवडता उपदेश. मी फाटकापाशी विचारलं, "साहेब, मग आमच्याकडे ख्रिस्तच पळाला का?" ते म्हणाले, "उपमा उलटी करू नका." मी कशाला करू? पळतो तो माणूस, वाट बघतो तो देव. आमच्या घरात वाट बघायचं काम बायकोकडे आलं, इतकंच. याला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

मात्र माझा दाखला देऊन त्यांनी मार खाणाऱ्या कुठल्याही मुलीला सासरी परत पाठवू नये. थांबणं ही माझी खुशी होती, कोणाचा हुकूम नव्हता. माझं प्रेम होतं त्यांच्यावर. आजही आहे.

कलम पाच. उरलेलं सगळं, आणि कोणी नाकारलेला किंवा गमावलेला हिस्सा, माझ्या नवऱ्याला.

सहीच्या वेळी वाढवलेलं. दुसरी साक्षीदार म्हणून माझी धाकटी बहीण आली होती. पहिलं कलम ऐकताच तिने पेन खाली ठेवलं. "ताई, त्या माणसाला घर? माझी सही मिळणार नाही," म्हणाली आणि निघून गेली. वकील म्हणाले, "शेजारून कोणाला तरी बोलावतो." खुर्ची द्यायला वर आलेला माझा मुलगा दारातच उभा होता. तो म्हणाला, "नको. मी करतो."

वकिलांनी बजावलं, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. दुकान तुमच्या वडिलांकडे जाईल."

"ऐकलंय मी सगळं."

त्याने सही केली. मी त्याच्याकडे बघत राहिले, तर म्हणाला, "रडू नकोस, कागद भिजेल. आणि बाबांना सांग, मालकाने नऊला दुकान उघडायचं असतं."

हे सगळं मला वाचून दाखवलं. एक अक्षरही बदलायचं नाही.

सही: झगे शिवणारी
साक्षीदार पहिले: पाळकसाहेब (उत्तर अजून देणे आहे)
साक्षीदार दुसरे: मुलगा, दुकानातला कारागीर
स्थळ: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी, दुपारी