नेल आता पायऱ्या चढते

फिन्टन,

शुक्रवारी नेलला न्यायला येतोस ना? ये. चहा मिळेल, कुत्री मिळणार नाही.

"आजी, लिमरिकला कुत्र्यांच्या शर्यतीत पाय दुखावला तिथंच तिचं धावणं संपलं. घरात ठेवायला ती मठ्ठ आहे, साध्या पायऱ्या चढत नाही. आता डॉक्टरची मरणाची सुईच," असं तू माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच केक खात म्हणालास. अरे शहाण्या, जन्मभर तू तिला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलंस. पायरी तिनं पाहिली होती कधी?

मी शिकवलं. तिचा एकेक पाय हातानं उचलून वरच्या पायरीवर ठेवला. माझे गुडघे ऐंशी वर्षांचे, तिचे चार वर्षांचे, दोघीही कण्हत होतो. नऊ दिवस लागले. काल ती एकटी वर गेली आणि माझ्या पलंगावर लांबलचक पसरली. उतरता येत नाही अजून. तेही शिकवीन.

मालकी बदलायचा कागद मागवलाय. तिच्या कानात शर्यतीसाठी गोंदलेला नंबर त्यावर लिहिलाय, खाली माझं नाव घातलंय. फक्त तुझी सही राहिलीय.

हे पत्र मात्र पेटीत टाकणार नाही. वाचलंस तर तू शुक्रवारी येणारच नाहीस, आणि मला तुझी सही माझ्या डोळ्यांदेखत हवी आहे.

तुझी आजी,
नोरा