छप्पर कोणी भरून दिलं?

प्रिय उपद्व्याप्या,

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र. बाबा वरच्या खोलीत पडून असतात. उजवी बाजू गेलीय, जीभ जड झालीय, पण सकाळचं वाचन आणि मनन काही चुकलेलं नाही. मी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचते, आम्ही दोघं डोळे मिटून बसतो आणि मग त्यांचा तोच जुना प्रश्न: आज गोष्टीत तू कोण? तू त्यांना चिडवायला कधी गाढव व्हायचास, कधी जाळ्यातला मासा, आणि ते हसू दाबायला खोटं खोकायचे. स्वतः मात्र नेहमी घरधनी नाहीतर मुकादम. आता कोण होतील याचा नेम नाही. परवा वादळाच्या गोष्टीत ते चक्क होडी झाले! माणूस नाही, होडी! दिवसभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना माझ्या डोक्यात तेच.

काल पक्षाघाती माणसाची गोष्ट आली. दारात गर्दी, म्हणून चौघं मित्र छपरावर चढतात, ते उघडतात आणि त्याला खाटेसकट प्रभूपुढे खाली सोडतात. हे वाचन आलं की आपल्या घरी काय व्हायचं ते तुला ठाऊकच आहे. जन्मभर लोकांची छपरं शाकारलेला माणूस तो, चमत्कार राहायचा बाजूला आणि बाबा विचारायचे, पण ते छप्पर कोणी भरून दिलं? फादरांनाही त्यांनी या प्रश्नानं भंडावून सोडलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या शाळेच्या बाईंना आभाळ दिसावं म्हणून तू बाबांना न विचारता त्यांचं छप्पर फोडून काच बसवलीस, तेव्हाही हाच प्रश्न त्यांनी तुझ्या अंगावर फेकला. छप्पर फोडणारा माझ्या घरात नको, म्हणाले. तू हत्यारांची पिशवी तिथेच टाकून निघून गेलास. तुला एक सांगायचं राहिलंय. जोराचा पाऊस झाला की बाबा शिडी घेऊन बाईंकडे जायचे आणि ती काच तपासून यायचे. गळतेय का, असं मी विचारलं की नुसते गुरगुरायचे. एकदाही गळली नाही, हे मला बाईंनीच सांगितलं.

तर काल डोळे उघडल्यावर मी म्हटलं, मी आज गर्दीतली ती, जिच्या डोक्यावर सगळी माती पडली. बाबा हसले नाहीत. ते घरमालकच होणार अशी माझी खात्री होती. आढ्याकडे बघत, एकेक शब्द ओढत ते म्हणाले, मी खाटेवरचा. छप्पर कोणी भरून दिलं, या प्रश्नाची मी वाट बघत बसले. तो आलाच नाही. मला रडू आवरेना.

मग त्यांनी चांगला हात उचलून बरोबर खाटेच्या वरची, दोन वाशांमधली जागा दाखवली. बोटांनी काचेचं मापसुद्धा दाखवलं. म्हणाले, त्यालाच बोलव, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. म्हणून लिहितेय. ये आणि आपलं छप्पर फोड. तुझी पिशवी खुंटीवरच आहे.

तुझीच,
शिडी धरायला खाली उभी असलेली
ताई