जस्टिनियनची पुतळी

५ फेब्रुवारी १९६१
नागपूरला इतवारीतल्या सराफाकडून जस्टिनियन बादशहाचं सोन्याचं नाणं घेतलं. चौदाशे वर्षांपूर्वीचं, आणि माझ्या मते सोनं अगदी चोख. पैसे मुलीच्या, ललिताच्या लग्नातल्या पुतळीसाठी ठेवलेले. घरी बायकोला, पंचफुलाला सांगितलं, पुतळीच आणली. पुतळी म्हणजे तरी काय, गळ्यात घालायचं सोन्याचं नाणंच. म्हणजे खोटं बोललो नाही. मग चैन का नाही?

१२ फेब्रुवारी
संग्रह सुरू झाला. (नाणी : एक.) संकल्प : ओव्हरटाइम करून लग्नाआधी खरी पुतळी आणायची आणि हे नाणं गुपचूप परत घ्यायचं.

२० फेब्रुवारी
ओव्हरटाइम केला नाही. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून येतो तेव्हा डोळे दुखत असतात. उरलेली नजर भिंगातून बादशहाकडे बघण्यात जाते. सोमवारपासून नक्की.

६ मार्च
पंचफुलाने दुर्गच्या सोनाराकडून नाण्याला कडी लावून आणली. वर उजळूनही घेतलं! म्हटलं, कडी लावली की संग्राहकाच्या दृष्टीने नाणं गेलं. ती म्हणाली, "तुमीच म्हनले ना पुतळी? मंग कडी कावून नाई लावाची?" भिंग काढून तपासलं. चेहरा मात्र शाबूत आहे. बादशहाचा.

१९ मार्च
दुर्गच्या मोहन नगरहून ललिताचे होणारे सासू-सासरे आले. शामराव रेल्वेत आहेत. अंजनाबाईंनी ललिताच्या गळ्यातलं नाणं उलटं केलं. मागे पंखवाला देवदूत, हातात क्रूस.
"आमी बुद्धाचे झालो, तुमी येशूचे कवा झाले?"
मी खुलासा करायला घेतला. दोन वाक्यांत आटोपणार होतो. जस्टिनियनच्या कायद्यांपर्यंत आलो तेव्हा शामराव चप्पल शोधत होते.
"अवो इवाई, सोयरिक कराची हाय का शाळा भरवाची?"
ललिता आत रडत होती. क्रूस ठेवायचा की सोयरीक, आठवड्यात काय ते ठरवा, म्हणून गेले.

२० मार्च
शामरावांना सविस्तर लेखी खुलासा पाठवावा. नकाशासह. पंचफुला म्हणाली, "पयले पोरीले वाचून दावा."
पाठवला नाही.

२६ मार्च
दुर्ग. अंजनाबाईंच्या समोर सोनाराने नाणं मुशीत टाकलं. जावयाची अंगठी होणार. आधी बादशहा वितळतो की देवदूत, हे अभ्यास म्हणून बघायचं ठरवलं होतं. ऐन वेळी चष्मा पुसत बसलो.
सोनार म्हणाला, "सोना एकदम चोखा है, बाबूजी."
अंजनाबाईंनी मान डोलावली. पंचफुलानेही. या विषयातलं माझं एक तरी मत सगळ्यांना पटलं.