तिनोचा गोल की ऑस्करचा

६ नोव्हें., गुरुवार
कोपरीला गेलेले. दादाची बिल्डिंग आता खरंच पाडणार, महिनाअखेरीला खोली रिकामी करून द्यायची आहे. वहिनीने माळ्यावरचं सगळं खाली काढून ठेवलेलं. त्यात माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. मार्ताची सगळी पत्रं. आणि ती लांब वही, बाबांनी कंपनीतून आणलेली.
दादा म्हणाला, बरं झालं आलीस, उद्या रद्दीवाल्याला बोलावलंय. म्हणताना हसत होता. शाळेत असतानाही असाच हसायचा. होंडुरासमधल्या कुठल्याशा फुटबॉल क्लबचे निकाल कोपरीतली पोरगी वहीत उतरवते, याचं त्याला कायम हसू.
रिक्षाने स्टेशन, घरी डोंबिवलीला येईपर्यंत डबा मांडीवर.

८ नोव्हें., शनिवार
आज दुपारी पत्रं लावली. पहिलं मी आठवीत असतानाचं. शाळेत बाईंनी पेन-फ्रेंडचे पत्ते वाटलेले, मला मार्ताचा आला. मी लिहिलेलं की आमच्या घराच्या पलीकडे मिठागरं आहेत. तिचं उत्तर: आमच्याकडे पण. एवढ्यावर मैत्री.
तिचे बाबा क्लबच्या मैदानाची देखभाल करायचे. शिवाय प्रत्येक मॅचला एका वहीत लिहायचे, कोण खेळलं, कोणी गोल मारला. मी विचारलं, कशाला? ती: त्यांनी नाही लिहिलं तर कोण लिहिणार.
मग ती प्रत्येक पत्राच्या खाली निकाल लिहायला लागली आणि मी वहीत उतरवायला. नऊ वर्षं. त्या क्लबची एकही मॅच मी आजवर पाहिलेली नाही. माझ्या लग्नानंतर माझंच एक पत्र परत आलं, पत्ता सापडला नाही म्हणून. संपलं.

९ नोव्हें., रविवार
प्राजक्ता ठाण्याहून आलेली, पोरांना घेऊन. वही बघून म्हणाली, आई हे तू कधी सांगितलंच नाहीस. सांगण्यासारखं काय होतं त्यात. तिने क्लबच्या चाहत्यांचं पान शोधून काढलं फोनवर. क्लब आहे अजून, पहिल्या डिव्हिजनमध्ये आहे. बरं वाटलं. का, माहीत नाही. एका पानाचा फोटो टाकून गेली.
पावट्याची उसळ चांगली झालेली.

१२ नोव्हें., बुधवार
उत्तर आलं. दोन एलियास म्हणून कोणी निवृत्त मास्तर आहेत, क्लबचा इतिहास लिहितायत. फोन भाषांतर करून देतो, कसंबसं कळतं. वादळात पूर आला तेव्हा क्लबच्या ऑफिसात छातीभर पाणी होतं, जुन्या वह्या सगळ्या गेल्या. त्या वर्षांचं फक्त लोकांच्या तोंडी आहे. विचारतायत, तुमच्याकडे किती आहे?
लिहिलं, सगळं.
हे म्हणाले, दोन एलियास कसे, पत्र तर एकाचंच आहे. "दोन" म्हणजे तिकडे "साहेब", हे प्राजक्ताने फोनवरून सांगितलं तेव्हा बराच वेळ हसत होते. आता आम्ही त्यांना एलियास सर म्हणतो.

१५ नोव्हें., शनिवार
तीन दिवस ह्यांनी लॅपटॉप सोडलेला नाही. मी वाचते, हे टाइप करतात. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, रकाना एक केसभर सरकलेला चालत नाही. गोल एकाने मारला आणि बेरजेत दोघांना गेला असं दोनदा पकडलं. एकदा चूक माझी, नववीतली. एकदा मार्ताची.
"तुझी मैत्रीण घाईत लिहायची," म्हणाले.
घाईत नव्हे. पानावर जागा संपलेली असायची.
सकाळी चालायला जायचं राहतंय दोघांचं. चालेल.

१८ नोव्हें., मंगळवार
आज ती मॅच आली. ज्या मॅचमुळे क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला ती. एकच गोल. माझ्या वहीत: तिनो. मला आठवतंसुद्धा, हिरव्या शाईने लिहिलं होतं.
एलियास सरांच्या यादीत: ऑस्कर.
पत्र काढून बघितलं. तिचं मोडकं इंग्रजी, पण स्पष्ट लिहिलंय: कॉर्नर होता. पाऊस, चिखल, सगळे एकाच रंगाचे दिसत होते. तिनोच्या डोक्याला लागून बॉल आत गेला, मी गोलच्या मागेच उभी होते. पण सगळ्यांनी ऑस्करला उचलून घेतलं.
ऑस्कर फॉरवर्ड, नावाजलेला. तिनो बॅक, कोणी नाव घेत नसे. सरांना सहज विचारलं ऑस्करबद्दल. तो आहे अजून. गुडघे गेलेत. मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. दरवर्षी त्या दिवशी शाळेत जाऊन मुलांना तो गोल सांगतो.
सरांना अजून काही कळवलेलं नाही.

२० नोव्हें., गुरुवार
पान पाठवायचं की नाही. एका म्हाताऱ्या माणसाकडे एक गोल आहे, तो मी कोपरीच्या माळ्यावरून काढून घ्यायचा? कोणी मागितलंय? नऊ वर्षांतलं बाकी सगळं पाठवलं तरी काम होतं की त्यांचं.
आज कल्याणला मार्केटला गेलेले, वर्षाची हळद घ्यायची होती. हळद सोडून सगळं घेऊन आले.

२२ नोव्हें., शनिवार
चहा घेताना ह्यांना विचारलं शेवटी. आपल्या कंपनीतलं सांगायला लागले. एका पार्टला भोकं पाडताना तो हलायचा, दिवसाला किती माल फुकट जायचा. ह्यांनी घरी कागदावर आखून एक जिग बनवला, पार्ट घट्ट धरून ठेवणारा. मला आठवतं, जेवणाच्या ताटाशेजारी कागद असायचा. मला वाटलेलं, त्याचं कौतुक झालं असेल.
"साहेबांच्या नावावर लागला तो. अजून त्यांच्याच नावाने ओळखतात तिथे."
तुम्ही बोलला नाहीत?
"कोणाला बोलणार. साहेब वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की त्यांनीच सुचवलेलं."
लग्नाला अडतीस वर्षं होतील. हे मला आज कळलं. रागावून नाही सांगितलं, खारी चहात बुडवत सांगितलं. मग म्हणाले, "त्या तिनोचं पण कोणी असेल ना गं."

२३ नोव्हें., रविवार
पत्राचा फोटो, वहीचं पान, दोन्ही पाठवलं. सोबत एक ओळ: मला वाईट वाटतंय, पण हे असं लिहिलेलं आहे.
दुपारी झोप नाही आली. संध्याकाळी दोघं चालून आलो.

२७ नोव्हें., गुरुवार
एलियास सरांचं लांब पत्र. दोनदा वाचलं.
तिनो वारला, बरीच वर्षं झाली. त्या मॅचनंतर पुढच्याच हंगामात क्लब सोडून बंदरावर कामाला गेला. त्याची धाकटी बहीण गावातच असते. ती पहिल्यापासून सांगत आली की गोल माझ्या भावाचा. लोक म्हणायचे, बहीण आहे, म्हणणारच. सरांनी तिला पत्र वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला आणि आत जाऊन ठेवून आली. एवढंच.
मग सर ऑस्करकडे गेले. त्यालाही वाचून दाखवलं. त्याने विचारलं, ही बाई कुठे राहते. भारतात म्हटल्यावर म्हणाला, तिथपर्यंत गेलं होय. कॉफीचा कप खाली ठेवला. मग:
"चेपेची मुलगी गोलच्या मागे उभी असायची, हे खरं आहे. पण मला बॉल लागल्याचं आठवतं. इथे, कपाळाला."
चेपे म्हणजे मार्ताचे बाबा.
तो खोटं बोलत नाहीये असं सरांना वाटतं. मलाही वाटतं.

२९ नोव्हें., शनिवार
कोपरीची खोली आज रिकामी झाली. दादाने चावी दिली बिल्डरच्या माणसाला. भाड्याचं घर तिथेच जवळ मिळालंय, वहिनी खूश आहे, लिफ्ट आहे. मी डबे लावून दिले. दादाने स्वतःहून विचारलं, तुझ्या फुटबॉलचं काय झालं. सगळं सांगितलं. आज पहिल्यांदाच हसला नाही.

३० नोव्हें., रविवार
घोटाळा आहे.
त्या वर्षाची सगळी पत्रं परत वाचली, नुसती खालचे निकाल नाही, वरचा मजकूरसुद्धा. तिनोचे केस. तिनोने विहिरीवर पाणी ओढून दिलं. तिनोने माझ्याकडे बघितलं, निदान माझ्या दिशेने तरी. एका पत्रात त्याचं नाव सात वेळा आहे. मी कशी विसरले? मीच तिला लिहिलेलं, त्याच्याशी बोल म्हणून.
आणि दुसरं. एरवी निकालाच्या आधी तिचे दोन शब्द ठरलेले, "पापा म्हणतात". त्या मॅचच्या निकालाला ते नाहीत. म्हणजे तो गोल बाबांच्या वहीतला नाही, तिचा स्वतःचा.
ह्यांना दाखवलं. चष्मा लावून चार-पाच पत्रं पडताळून पाहिली. म्हणाले, हे सुद्धा कळवावं लागेल. जिगबद्दल सांगताना होता तसाच आवाज.

१ डिसें., सोमवार
कळवलं. साक्षीदार त्या वेळी पंधरा वर्षांची होती आणि तिनोवर तिचा जीव होता. असं लिहिताना मार्ताची चहाडी केल्यासारखं वाटलं. पण माझ्याच नावाने पाठवलेलं पान, त्याची दुसरी बाजू पण मीच द्यायला हवी.
तासाभरात उत्तर. सर म्हणतात, तिकडे सकाळी कॉफी पिताना वाचलं आणि इतके हसले की बायको बघायला आली. मग: मार्ताला शोधतो.

६ डिसें., शनिवार
सापडली.
मोठ्या शहरात मुलाकडे असते. नर्स होती, निवृत्त झाली. तिच्या आवाजातला निरोप सरांनी पुढे पाठवला. इंग्रजी ती आता विसरलीये. पहिला शब्द "उशा". तेवढा भाषांतराशिवाय कळला. माझ्या डोक्यात इतकी वर्षं तिचा आवाज बारीक होता, चिमणीसारखा. आहे चांगला भरदार. चार वेळा ऐकला. मग प्राजक्ताला पाठवला, तिने कळेल असा अर्थ लावून दिला.
तिच्याकडची माझी पत्रं पुरात गेली. मिठागरांचं आठवतं. आणि तिने एकच गोष्ट विचारली, त्या वहीत माझ्या वडिलांचं नाव आहे का?
उठून वही बघितली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. खेळाडूंची नावं आहेत, गोलकीपर बदलला तेही आहे. ज्याने हे सगळं पहिल्यांदा लिहून ठेवलं त्याचं नाव कुठेच नाही. माझ्या लक्षातच आलं नाही कधी.

७ डिसें., रविवार
सरांना लिहिलं की नऊही हंगामांच्या खाली चेपेंचं नाव छापा, मैदान सांभाळायचे असं लिहून. सर म्हणाले, पूर्ण नाव बहुतेकांना माहीतच नव्हतं, मार्ताकडून आजच घेतलं. छापणार. माझंही टाकतो म्हणाले, आणि गावाचं. मी विचारलं, कोपरी की डोंबिवली? हे म्हणाले, वही कोपरीची, टायपिंग डोंबिवलीचं. दोन्ही घालायला सांगितलं. ह्यांचं नाव मी गुपचूप कळवलं. टाइप करणारे म्हणून नाही, तपासणारे म्हणून.

११ डिसें., गुरुवार
पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला जातंय. सगळी पानं झाली, एक ओळ सोडून. सरांची कमिटी बसली होती. अर्धे म्हणाले ऑस्कर, अर्धे म्हणाले तिनो. ऑस्कर स्वतः आलेला, काठी घेऊन. मत द्यायला नकार दिला. तिनोच्या बहिणीसाठी शेजारची खुर्ची मात्र त्यानेच ओढून दिली, म्हणे.
शेवटी ठरलं की मार्ताला विचारायचं आणि ती सांगेल ते छापायचं. पण तिला सर विचारणार नाहीत. ती म्हणाली, मी या विषयावर बोलेन तर उशाशीच बोलेन.
रविवारी संध्याकाळी सातला. तिकडे सकाळ असेल.

१४ डिसें., रविवार
सकाळपासून घर आवरतेय, जशी काही ती जिना चढून येणार आहे. प्राजक्ता आलीये, दुसऱ्या फोनवर भाषांतर करायला. सायलीची वेणी आहे केसात, हे घेऊन आले.
हे म्हणतात, पहिला प्रश्न तोच विचार, लाइन कट झाली तर? सर तिकडे वाट बघतायत, ओळ कोरी आहे.
मला कळत नाहीये. तिनो म्हणाली तर ती तेव्हाची पंधरा वर्षांची मुलगी बोलतेय की गोलच्या मागे उभी असलेली? ऑस्कर म्हणाली तर त्या बहिणीने आत नेऊन ठेवलेल्या कागदाचं काय? आणि माहीत नाही म्हणाली तर मला सगळ्यात बरं वाटेल, हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.
सातला दोन मिनिटं कमी. प्राजक्ता म्हणतेय वही बंद कर आता. जवळजवळ पन्नास वर्षांत पहिल्यांदा बोलायचंय, मी आधी विचारणार नाश्ता झाला का. मग तिचे बाबा. मग बघू.
फोन वाजला.