सुईखालची घोंगडी

चौसाळा,
१२ फेब्रुवारी २०२५

उज्ज्वला आक्का,

लांबूनच पाया पडतो. जवळ आलो असतो तर तू कान धरला असतास. तू माझा फोन उचलंनास, आणि दाजींच्या फोनवर बोलावं तर ते स्पीकर लावतात, मग सगळा तलवाडा ऐकतो. म्हणून पत्र. दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, चुका काढत बसू नको.

मी बरा आहे. हैदरचाचांच्या रिपेरीच्या दुकानात अजून टिकून आहे, याचं चाचांनाच नवल वाटतं. आमिनाबी चाची जेवायला वाढताना हात आखडत नाहीत. मागं घरी पालीला गेलतो. आईचा गुडघा बरा आहे, आबा मेंढ्या घेऊन धरणाकडं असतात. काळ्या कानाच्या मेंढीला जुळं झालं. त्यातलं एक आबांच्या पटक्याचं टोक चघळत बसतं. ते राहू दे.

रविवारी मोहिनीला बघायच्या कार्यक्रमाला मी का आलो नाही, ते सांगायचं आहे. आधी कार्ट्रिजचं सांगतो, कारण ते त्यातच अडकलंय.

बीडला विजयमालाबाई आहेत, गाण्याच्या शिक्षिका, आता रिटायर. त्यांच्याकडं तबकड्या वाजवायचं भारी टर्नटेबल आहे. त्याच्या दांडीच्या टोकाला नखाएवढी डबी असते, ती कार्ट्रिज. तिच्याखाली हिऱ्याची सुई. सुई तबकडीच्या रेघेत थरथरते, डबी त्या थरथरीची वीज करते, मग आवाज. सगळा जीव तेवढ्या डबीत. बाईंच्या लेकानं परदेशातून दोन पाठवल्या, दोन्ही उंची. एकीत चुंबक हलतं, दुसरीत तारेचं वेटोळं. वेटोळ्याची जास्त भारी, पण ती इतकी हळू बोलते की आवाज वाढवायला वेगळा डबा जोडावा लागतो. एक ठेवायची, एक परत पाठवायची. बाई चाचांना म्हणाल्या, "तुम्हीच ऐकून ठरवा, हैदरभाई. माझे कान आता मला आवडेल तेच ऐकतात." मग सगळं यंत्र आमच्या दुकानात आलं, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारींच्या गर्दीत.

शनिवारी मी म्हणालो, "चाचा, भारी ती ठेवायची. त्यात ठरवायचं काय?"

"भारी हाय हे कोन सांगितलं? खोक्यानं?" चाचा म्हणाले. "बे नाथ्या, नवी सुई अकडून बसती. तिला वाजू दे, सैल होऊ दे, मंग ती बोलती. अर्ध्या घंट्यात हां-ना करायला हे काय लगीन हाय?"

ते मला लागलं. रात्रभर तेच डोक्यात.

आईला सांगितलं की गाडी चुकली. तसं नाही. मी निघालो होतो. आबांनी मुद्दाम विणून घेतलेली नवी घोंगडी खांद्यावर होती, सुपारी फुटली तर पाहुण्यांना तिच्यावर बसवायला. गेवराईच्या स्टँडवर उतरलो. तिथं एकजण पिंजरे विकत होता. पोपट एकही नाही, नुसते पिंजरे. त्याला विचारलं, पोपट कुठंयत, तर म्हणाला, "गिऱ्हाईकानं आणायचे." त्याच्याशी बोलत बसलो. तलवाड्याची गाडी लागली, भरली, माझ्यासमोरून गेली. आक्का, पोह्यांची बशी धरून अर्ध्या घंट्यात मी काय दाखवणार? दहावी नापास, टेम्पोवर राहिला, हॉटेलात राहिला, कुठंच राहिला नाही. एवढंच दिसलं असतं.

माघारी दुकानात आलो तर चाचा वैतागलेले. टर्नटेबलच्या थाळीवर रबराची चकती असते, तिच्यावर तबकडी ठेवतात. ती जुनी होऊन तडकली होती. चाचा म्हणाले, मऊ काहीतरी पाहिजे. माझ्या खांद्यावर काय होतं ते तुला माहीत आहे.

हो, कापली. कडेची नक्षी वाया जाऊ नये म्हणून मधोमध. आबांना अजून सांगितलं नाही.

दिसायला झकास दिसली. सनईची तबकडी लावली. चुंबकाची कार्ट्रिज छान वाजली. मग तबकडी उलटली आणि वेटोळ्याची लावली, तर सनईवाल्याला पडसं झाल्यासारखा आवाज. चाचांनी वजन बदललं, तारा तपासल्या. शेवटी म्हणाले, "बिगडेल माल हाय. खोक्यात घाल, परत जाऊ दे."

काल मी ती काढायला बसलो, तेवढ्यात एक पोरगी मिक्सर घेऊन आली. आमच्या गल्लीतल्या योगितामावशींचा.

"चालू होत न्हाई," म्हणाली.

मी पिन लावली. झक्क चालू झाला.

"आता होतोय," ती म्हणाली आणि तिथंच बसली. "हे कशाचं यंत्र? वाजवा की."

चाचांनी मान हलवली, मी वाजवलं. ती वाकून बघायला लागली. "ह्या सुईला मिशी कावून हाय?"

चाचांनी भिंग लावलं. सुईला लोकरीचा गुंडा. तबकडीची जी बाजू घोंगडीवर होती तिला सगळी लव चिकटलेली.

"माझ्या शिलाई मशिनीत असंच साचतंय, मंग टाका सुटतो," ती म्हणाली. "खाली घोंगडी कुणी घातली?"

"हा काय, बसलाय," चाचा म्हणाले.

घोंगडी काढली, तडकलेलं रबर परत घातलं, तबकडी पुसली, ब्रशनं सुई साफ केली. पुन्हा लावली. आक्का, काय सांगू. सनई दुकानातच बसून वाजवतंय कुणीतरी.

"त्यानं दम घेतला," ती हळूच म्हणाली. "ऐकलं का?"

मीही ऐकलं. चाचांनी रिकामं खोकं माझ्या हातातून घेतलं आणि चुंबकाची डबी त्यात घातली. "ही ऱ्हाती. वाजू दे."

ती उठली, तेव्हा मला म्हणाली, "रविवारी पोहे गार झाले. मी केलते."

तेव्हा कळलं, तू ठरवलेली मोहिनी ती हीच. मावशींकडं ती मला बघायलाच आली होती, मिक्सरला काही झालंच नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, गेवराईपर्यंत आलतो.

"मंग?"

"पिंजरे बघत बसलो."

चाचांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मग मोहिनीनं घोंगडीचं विचारलं. तेही सांगितलं. तिनं चकती उचलून कड बघितली. "कात्रीबी धड धरता येत न्हाई." घडी केली आणि पिशवीत टाकली. "ही माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. बाकीची घेऊन ये, जोडून देते. एवढं भोक ठेवून पाहुणे कुठं बसवायचे?"

मिक्सर विसरून गेली. तो मी मावशीकडं पोचवला.

आक्का, येत्या रविवारी येतो. त्यांच्या घरी तसा निरोप दे, आणि लगेच उठायची घाई करणार नाही असंही सांग. आबांना बरोबर आणतो. घोंगडीचं त्यांना वाटेत सांगीन, गेवराईच्या आधीच.

मधल्या चकतीशिवायची घोंगडी घेऊन येणारा,
तुझा
नाथा