वाळवीचं औषध

३ मार्च
चामोर्शीपासून जीपने दीड तास आत, जंगलातल्या कॅम्पवर आज पोचलो. दोन वर्षं सावली गावातल्या घरात नुसता बसून होतो. शेवटी अश्वजितने, माझ्या मुलाने, काम मिळवून दिलं. वाघांचा अभ्यास करणारे प्रणित साहेब इथे आहेत, त्यांची जीप तो चालवतो. मला टिनाची स्वच्छ खोली, खाट आणि पंखाही मिळाला. काम सोपं आहे. पायवाटेवरच्या येनाच्या झाडांना कमरेएवढ्या उंचीवर वाळवीचं औषध लावत जायचं आणि परत यायचं. करोनात गेलेला वास परत आला का, असं अश्वजितने विचारलं. नाही म्हटलं. पोराला काळजी आहे. मी सातवी शिकलेला, लिहून ठेवलं नाही तर विसरतो.

६ मार्च
औषधाचा डबा ठिबकतो. सदरा, पायजमा रोज ओला होतो. स्वयंपाक करणारी बुधरीबाई वाढताना नाकाला पदर लावते. रोज आंघोळ करतो, तरी ओशाळलो. अश्वजितला दुसरा डबा मागितला. तो म्हणाला, "हाच चालवा ना बाबा, साहेबानं हाच देला हाये."

९ मार्च
बुधरीबाईची गाय मला पाहून दावं तोडून पळाली. कॅम्पचा कुत्रा परवापर्यंत माझ्या पायाशी झोपायचा, आज उभ्या जागी मुतला. माझं काय चुकलं?
संध्याकाळी बुधरीबाईने विचारलं, "भाऊ, खोलीत चिन्नोर रांधता का जी?"
मी म्हटलं, "मले चूल कुठी हाये?"
ती हसली नाही. "मंग तुमच्या अंगाले वाघिणीचा वास काऊन येते?"
वाघीण झाडावर मुतते तिथे नव्या चिन्नोर भातासारखा वास येतो म्हणे. ती लहानपणापासून ओळखते.

१० मार्च
अश्वजितला गाठलं. आधी हसला, मग नजर चुकवत सगळं बोलला. डब्यात माजावर आलेल्या वाघिणीचं मूत आहे. दोन बायांना मारणारा वाघ साहेबांना पकडायचाय. तो बोकडाला फसत नाही, या वासाला फसेल. या वासापुढे जनावराचं डोकं चालत नाही, पायच चालतात, असं साहेब म्हणतात. वास चालता-फिरता हवा, म्हणून माणूस ठेवला. तोही वास न येणारा, नाहीतर पहिल्याच दिवशी पळाला असता. माझं नाव अश्वजितनेच सुचवलं.
वर म्हणतो, "तुमाले काई नाई होत बाबा. तो खायाले थोडी येते, बायकोले भेटाले येते."
सात वेळा अंग घासलं. वास गेला की नाही, मला कसं कळणार?

११ मार्च
घरी सोड म्हटलं. जीप दोन दिवस मिळणार नाही म्हणाला. पायी जायला एकच वाट, तिच्यावरच्या प्रत्येक झाडाला मीच ते लावलंय. सख्खा मुलगा. बापाला असं —

१२ मार्च, सकाळ
वाघ आला. लख्ख उन्हात. मी आतून कडी लावून खिडकीतून बघतोय. दोरीवरच्या माझ्या सदऱ्याला नाक लावलं. मग वरचा ओठ उचलला, दात उघडे, जीभ बाहेर. हसल्यासारखा. कितीतरी वेळ तसाच. वास टाळूने चाखत होता.
गुरगुरत नाही. कण्हतो. लाडाने —

दुपार
वाघ अजून दारासमोरच घुटमळतोय. अश्वजितचा फोन. समोरच्या झुडपामागे तो आणि साहेब, बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक घेऊन. म्हणतो, वाघ एका जागी थांबला पाहिजे. बाबा, दार उघडून उंबऱ्यात बसा, दोनच मिनिटं.
नाही म्हटलं. त्याला जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं.

वाघ वळला. झुडपाकडे. डबा तर अश्वजितच भरतो — त्याच्या हातांना, कपड्यांना — तोच वास —

साहेबांचा नेम चुकला. फोनमध्ये नुसतं बाबा, बाबा —

सांगायचं होतंस रे. मी नाही म्हटलं नसतं कदाचित. पण सांगायचं —

कडी काढली. इकडे ये म्हणतोय वाघाला. इकडे —
वळला.
अश्वजित, पळ, मी आहे, तू —