टोपरं आणि बांबूच्या सुया

बुधवार, पौष महिना

पाय भरून आलेत, तरी लिहिते.

हरताळामुळे बंद असलेली दादरची दुकानं आज उघडली. चालत जाऊन बांबूच्या सुया आणल्या. सूनबाई परवा बाळंतपणाला माहेरी जाणार आणि लोकरीचं टोपरं अजून अर्धंच. पोलादी सुयांवर झरझर झालं असतं, पण त्यांची टकटक होते म्हणून दबकत, हळूहळू विणतेय. माझा दत्ता रात्रपाळी करून दिवसा याच खोलीत झोपतो. झोपमोड झाली तर मिलमध्ये मागावर डुलकी लागायची आणि बोटं जायची.

दुकानदार म्हणाला, "आजी, बांबूवर टाका सरकत नाही. निदान बोंडवाल्या घ्या, टाके मागून सांडणार नाहीत."

"टाके मी सांभाळीन. तू आवाजाचं बोल."

तरी बोंडवाल्याच घेतल्या. हात कुठे पूर्वीचे राहिलेत?

दुपारी बसले. आवाज खरंच नाही, पण लोकर टाक्याटाक्याला अडते. चार ओळी झाल्या नाहीत तोच दत्ता दचकून उठला.

"आये, बंद का पडलं?"

"काय रे?"

"तुझी टकटक. मला वाटलं धागा तुटला, माग थांबला."

महिनाभर मी चोरासारखी विणत होते आणि मेला त्या आवाजावरच झोपत होता! पण त्याला विचारलं होतं का मी?

टाके परत पोलादी सुयांवर घेतले. लगेच घोरायला लागला. उद्या टोपरं होईल.

बांबूच्या सुया सूनबाईच्या ट्रंकेत टाकल्या, तिकडे पोर निजल्यावर विणायला. पोर बापावर गेलं तर त्याही फुकट.